मृत्यूचे भाकीत आणि त्याचा दुसरा अर्थ

कल्पनारम्य कादंबरीमालांमध्ये एखाद्या पात्राच्या मृत्यूविषयीचे भाकीत बरेचदा कथेच्या पूर्वार्धातच उच्चारले जाते, त्याचा एक अर्थ त्या पात्राला आणि वाचकाला ताबडतोब उमगल्यासारखा वाटतो, आणि मृत्यू येतो तेव्हा तो त्याच शब्दांत दडलेल्या दुसऱ्याच अर्थाने येतो. ही रचना विसाव्या शतकातील लेखकांनी नव्याने शोधलेली नाही. तिची परंपरा किमान अडीच हजार वर्षांची आहे आणि तिचे सर्वांत जुने विपुल दाखले ग्रीक इतिहासग्रंथांत सापडतात. या दाखल्यांकडे बारकाईने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते, ती अशी की द्व्यर्थी मृत्युभाकीत ही प्रत्यक्ष देवस्थानांतील प्रथा फारशी नव्हती. ती मुख्यतः कथा सांगण्याची, म्हणजे झालेल्या मृत्यूला मागाहून अर्थ देण्याची प्रथा होती.

ग्रीक जगात देवाला प्रश्न विचारण्याची जी ठिकाणे होती त्यांना मराठीत कौलस्थाने म्हणता येईल. त्यांपैकी पार्नासस पर्वताच्या उतारावरील डेल्फी येथे अपोलो या देवाच्या वतीने पिथिया नावाची पुजारीण तिवईवर बसून उत्तर देत असे, तर एपिरस प्रदेशातील डोडोना येथे झ्यूस या देवाचा कौल पवित्र ओक वृक्षाशी जोडलेला होता. डोडोना येथील उत्खननांत शिशाच्या पातळ पट्ट्यांवर कोरलेले भक्तांचे प्रश्न मोठ्या संख्येने मिळाले असून 2013 मध्ये अशा चार हजारांहून अधिक लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. लग्न करावे की नाही, मूल होईल का, कोणता धंदा धरावा, दुसऱ्या गावी जाऊन राहावे का, हरवलेली वस्तू कोणी चोरली, असे हे प्रश्न आहेत. साध्या माणसांच्या साध्या चिंता या पट्ट्यांवर जशाच्या तशा उरल्या आहेत, आणि प्राचीन धर्मजीवनाचा इतका थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. डेल्फीतील अधिकृत प्रश्नही असेच थेट असत. इ.स.पू. 352 च्या सुमारास एल्युसिस येथील देवींच्या जमिनीचा काही भाग लागवडीला द्यावा की पडीक ठेवावा, असा पेच अथेन्सच्या नागरिकांपुढे पडला, तेव्हा दोन्ही पर्याय कथलाच्या पत्र्यांवर लिहून, ते पत्रे लोकरीत गुंडाळून, एक सोन्याच्या आणि एक चांदीच्या कलशात ठेवावेत आणि कोणत्या कलशातील लेखाप्रमाणे वागावे एवढेच पिथियाला विचारावे, असा ठराव त्यांनी केला. तो ठराव शिलालेखाच्या रूपात आजही उपलब्ध आहे. कोकणातील आणि गोव्यातील देवळांत देवाला कळ्या किंवा पाकळ्या लावून उजवा कौल की डावा हे पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला या व्यवहारात अनोळखी असे काही वाटणार नाही, कारण दोन्ही ठिकाणी देवाकडून अपेक्षा असते ती निवाड्याची, कोड्याची नव्हे.

अमेरिकन अभ्यासक जोसेफ फॉन्टेनरोज यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेल्फीविषयक ग्रंथात तेथील ज्ञात उत्तरांची छाननी करून नेमके हेच दाखवले. समकालीन पुराव्याने सिद्ध होणारी उत्तरे बहुतांशी पूजाविधी, नवे पंथ, नियमांना मान्यता अशा विषयांवरील आणि सरळ भाषेतील आहेत, तर कूट, श्लेषयुक्त, ऐकणाऱ्याला चकवणारी उत्तरे प्रामुख्याने घटनेनंतर काही दशकांनी किंवा शतकांनी लिहिलेल्या कथांमध्ये येतात. त्यांच्या वर्गीकरणातील प्रत्येक निर्णय सर्वांना पटलेला नाही. परंतु शिलालेख आणि कथा यांच्यातील हा फरक इतका ठळक आहे की त्याकडे दुर्लक्ष करून द्व्यर्थी भाकितांचा इतिहास लिहिता येत नाही.

या कथांतील सर्वांत टिकाऊ प्रकार म्हणजे एकाच नावाच्या दोन ठिकाणांचा. इराणी सम्राट कँबायसिस याला इजिप्तमधील बुटो येथील कौलस्थानाने सांगितले होते की त्याचा मृत्यू एकबटाना येथे होईल, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. एकबटाना म्हणजे मीडिया प्रांतातील राजधानी, आजचे हमादान. तेथे सम्राटाचा खजिना होता, आणि म्हणून आपण म्हातारपणी घरच्या वैभवात मरणार असा अर्थ त्याने घेतला. इ.स.पू. 522 मध्ये बंडाची बातमी ऐकून घोड्यावर उडी मारताना म्यानाचे टोक निखळले, त्याच्याच तलवारीची जखम मांडीला झाली, आणि ती नेमकी त्या जागी झाली जेथे त्याने इजिप्तच्या पवित्र एपिस बैलाला पूर्वी भोसकले होते. गावाचे नाव विचारल्यावर सीरियातही एक एकबटाना आहे असे त्याला कळले, आणि त्या क्षणी तो शुद्धीवर आल्यासारखा शांत झाला, अशी ही कथा आहे. याच मृत्यूविषयी कँबायसिसनंतर गादीवर आलेल्या दारियसने बिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत जो शिलालेख कोरवला, त्यात त्याला त्याचे स्वतःचे मरण आले एवढाच त्रोटक उल्लेख आहे. भाकीत नाही, दुसरे एकबटाना नाही, बैल नाही. शिलालेख घटनेनंतर लवकरच कोरला गेला आणि हेरोडोटसचा ग्रंथ सुमारे शंभर वर्षांनी लिहिला गेला. मधल्या काळात सांगणाऱ्यांनी त्या आकस्मिक मृत्यूभोवती अपराध, भाकीत आणि उमज अशी तीन वळणे गुंफली, असे मानणेच सयुक्तिक आहे.

असाच प्रकार अलेक्झांडर द ग्रेटच्या मामाच्या, म्हणजे एपिरसच्या अलेक्झांडर राजाच्या, बाबतीत रोमन इतिहासकार लिव्ही नोंदवतो. आकेरॉनचे पाणी आणि पँडोसिया हे नगर यांपासून सावध राहा, असा इशारा त्याला डोडोनाने दिला होता. आकेरॉन नदी आणि पँडोसिया नगर दोन्ही त्याच्या स्वतःच्या राज्यात असल्याने, टारेंटमच्या लोकांनी मदतीला बोलावताच तो इटलीत जाण्यास अधिकच उत्सुक झाला. पण दक्षिण इटलीतही याच नावांची नदी आणि नगर होते. इ.स.पू. 331 च्या सुमारास पुराने पूल वाहून गेलेल्या एका नदीतून सैन्य उतारावरून पलीकडे जात असताना थकलेल्या एका शिपायाने त्या नदीला तिच्या नावाने शिव्या घातल्या, ते नाव ऐकून राजा थबकला, आणि नदी ओलांडताना एका लुकेनियन निर्वासिताच्या भाल्याने तो मारला गेला. थीब्जचा सेनापती एपामिनोंडस याला समुद्रापासून जपण्यास सांगितले होते म्हणून तो जहाजावर चढण्याचे टाळत असे, पण इ.स.पू. 362 मध्ये तो मँटिनियाच्या लढाईत पडला तो समुद्र याच अर्थाचे नाव असलेल्या एका राईजवळ. आणि लिबियाची, म्हणजे आफ्रिकेची, माती आपल्याला झाकील या कौलाने मायदेशी परतण्याची आशा बाळगणाऱ्या हॅनिबलला बिथिनियातील लिबिसा या गावी मरण आले, असे ग्रीक प्रवासलेखक पॉसानियस सांगतो. ग्रीक वसाहतकार आपल्या नद्यांची आणि नगरांची नावे बरोबर घेऊन भूमध्य समुद्राच्या काठांवर पसरले होते, त्यामुळे एकच नाव दोन ठिकाणी असणे ही त्या जगातील रोजची गोष्ट होती. कथाकारांना हे साहित्य भूगोलानेच आयते पुरवले होते.

या कथांचा मोह केवळ चमत्काराचा नाही. परदेशी, अर्ध्या वाटेवर, कोणत्या तरी क्षुल्लक जागी एखादा पराक्रमी माणूस मरतो, तेव्हा त्या मृत्यूचा निरर्थकपणा मागे राहणाऱ्यांना सहन होत नाही; त्या जागेला एक जुने, विसरलेले नाव होते आणि ते नाव फार पूर्वी उच्चारले गेले होते, असे कळले की मृत्यू अपघात राहत नाही. या दृष्टीने द्व्यर्थी भाकीत हा शोकाचाच एक प्रकार आहे, आणि त्याला केवळ पुजाऱ्यांची लबाडी म्हणणारे अभ्यासक त्यातील मानवी गरज नजरेआड करतात.

रोमन साम्राज्यात मात्र मृत्यूच्या भाकिताला वेगळीच धार चढली, कारण सम्राट कधी मरेल हे विचारणे आणि तो मरावा अशी तयारी करणे यांत राज्यकर्त्यांना अंतर दिसेना. इ.स. 11 मध्ये ऑगस्टसने भविष्यवेत्त्यांना कोणालाही एकट्याला भविष्य सांगण्यास बंदी केली, आणि साक्षीदार असले तरी मृत्यूविषयी काही सांगण्यास पूर्ण मनाई केली. या भीतीची सर्वांत भयंकर परिणती चौथ्या शतकात अँटिऑक येथे झाली. सम्राट व्हॅलेन्सचा वारस कोण हे जाणण्यासाठी काही जणांनी डेल्फीच्या तिवईसारखी लॉरेलच्या काटक्यांची तिवई केली, कडेला ग्रीक मुळाक्षरे कोरलेले धातूचे तबक तिच्यावर ठेवले आणि वर दोऱ्याने अंगठी टांगली. झुलणाऱ्या अंगठीने थि, ओ आणि ड असा अक्षरक्रम दाखवताच उपस्थितांपैकी एकाने थिओडोरस हे नाव उच्चारले, आणि पुढची अक्षरे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही. आमियानस मार्सेलिनस या इतिहासकाराने या प्रकरणाची हकिकत लिहिली आहे: 371 ते 372 या काळात चाललेल्या खटल्यांत थिओडोरस नावाच्या दरबारी अधिकाऱ्यासह अनेकांना मृत्युदंड झाला, ग्रंथांचे ढीग जाळले गेले, आणि घाबरलेल्या लोकांनी आपली ग्रंथालये स्वतःच पेटवली. चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस तर म्हणतो की त्या अक्षरांनी सुरू होणारी नावे असलेल्या माणसांना सम्राटाने वेचून मारले. 379 मध्ये व्हॅलेन्सच्या जागी जो सम्राट झाला त्याचे नाव थिओडोसियस होते.

व्हॅलेन्सच्या स्वतःच्या मृत्यूविषयीही त्याच वेळी काही ओळी निघाल्या होत्या आणि त्यांत मिमासच्या मैदानाचा उल्लेख होता. मिमास हा आशिया मायनरमधील पर्वत असल्याचे विद्वानांनी सांगितल्यापासून सम्राटाला आशिया हे नावच नकोसे झाले. परंतु 9 ऑगस्ट 378 रोजी तो युरोपात, एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ लोकांकडून मारला गेला, त्याचे शव सापडले नाही, आणि तो जेथे पडला असे मानले गेले तेथे मिमास नावाच्या कोणा प्राचीन सरदाराची ग्रीक लेख असलेली समाधी आढळली, असे आमियानस नमूद करतो. त्याचा हा मजकूर एड्रियानोपलनंतर लिहिलेला आहे हे विसरता येत नाही. तरीही अँटिऑकमधील खटले आणि मृत्युदंड या घडलेल्या गोष्टी आहेत, आणि येथे अर्थ लावणे हीच कृती होऊन बसते. देवकीच्या आठव्या पुत्राची आकाशवाणी ऐकून पहिल्या सात अपत्यांच्याही जिवावर उठलेला कंस ही याच भीतीची भारतीय कथा आहे. अँटिऑकमध्ये ती राज्यकारभाराची रीत झाली.

मध्ययुगीन युरोपने जुन्या साच्यात ख्रिस्ती स्थळे बसवली. 1003 मध्ये मरण पावलेला पोप दुसरा सिल्व्हेस्टर हा गणिताचा जाणकार होता, आणि त्याच्या विद्वत्तेवर जादूचा संशय घेणाऱ्या पुढच्या शतकातील लेखकांनी अशी कथा रचली की जेरुसलेममध्ये उपासना चालवल्याखेरीज मरण नाही, असे एका बोलणाऱ्या धातूच्या मस्तकाने त्याला सांगितले होते, आणि त्याचा अंत जवळ आला तो रोममधील जेरुसलेम याच नावाच्या चर्चमध्ये. इंग्लंडचा राजा चौथा हेन्री 20 मार्च 1413 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या जेरुसलेम नावाच्या दालनात मरण पावला हे ऐतिहासिक सत्य आहे. पवित्र भूमीच्या मोहिमेवर आपण मरू, असे भाकीत तो बाळगून होता, हा भाग बखरकारांचा आणि त्यांच्यामागून शेक्सपिअरचा. शेक्सपिअरच्याच मॅकबेथ नाटकातून, चालून येणारे अरण्य आणि स्त्रीच्या पोटी न जन्मलेला मारेकरी यांच्याद्वारे, हा वारसा आधुनिक कल्पनारम्य साहित्यात उतरला.

जे. आर. आर. टोल्किन यांना शाळेच्या वयात मॅकबेथमधील अरण्याच्या उलगड्याने निराश केले होते, हे त्यांनी 1955 च्या एका पत्रात लिहिले आहे. सैनिकांनी फांद्या धरून चालण्याऐवजी झाडांनीच खरोखर युद्धावर जावे अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यांच्या कादंबरीत तसेच घडते. त्याच कादंबरीत नाझगुल या दुष्ट घोडेस्वारांचा नायक पुरुषाच्या हातून पडणार नाही हे भाकीत मुळात त्याचा पाठलाग करू पाहणाऱ्या राजपुत्राला थांबवण्यासाठी केलेले असते, पण तो स्वतः त्याला अभयवचन समजतो आणि एओविन ही स्त्री व मेरी हा हॉबिट यांच्या शस्त्रांनी संपतो. काय घडेल हे सांगणारे वाक्य आणि काय घडू शकत नाही हे सांगणारे वाक्य यांतील फरक टोल्किन यांनी येथे फार नेमकेपणाने पकडला आहे. जे. के. रोलिंग यांच्या 2003 मध्ये आलेल्या हॅरी पॉटरच्या पाचव्या भागातील भाकीत हॅरी आणि नेव्हिल या दोन मुलांना सारखेच लागू पडते, आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट अर्धवट ऐकलेल्या शब्दांवरून एकाला मारायला जातो म्हणूनच ते त्या एकाचे ठरते. अंगठीने शब्द पुरा करण्याआधी नाव ठरवणारी अँटिऑकची मंडळी येथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

छापील कादंबरीमालेने या परंपरेत एक मूलभूत बदल मात्र केला. हेरोडोटसच्या श्रोत्यांना कँबायसिस मेल्याचे आधीच ठाऊक होते. भाग एकामागून एक प्रसिद्ध होत असताना वाचकाला भाकीत आधी मिळते आणि मृत्यूसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, त्यामुळे पूर्वी फक्त कथेतील राजा ज्या अनिश्चिततेत असे, त्या अनिश्चिततेत वाचक प्रथमच खराखुरा उभा राहतो. 2003 ते 2007 या चार वर्षांत हॅरी जगणार की मरणार, हा प्रश्न अनेकांनी एका वाक्याची फोड करून सोडवू पाहिला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेच्या 2005 मध्ये आलेल्या चौथ्या भागात सर्सी या राणीला लहानपणी सांगितलेले असते की तिची मुले तिच्या आधी जातील आणि मग व्हॅलोंकार, म्हणजे धाकटा भाऊ, तिचा गळा आवळील. ती आयुष्यभर टिरियन या धाकट्या भावाला भिते आणि तिच्यामागून जन्मलेला जुळा भाऊ जेमी तिच्या मनातही येत नाही. याच ग्रंथात एमन हा वृद्ध विद्वान दुसऱ्या एका भाकितातील राजपुत्र हा शब्द स्त्रीलाही लागू पडू शकतो असे दाखवतो, त्यामुळे धाकटा भाऊ म्हणजे भाऊच का, आणि तो सर्सीचाच का, असेही वाचक विचारतात. 2011 ते 2019 या काळातील दूरचित्रवाणी मालिकेने गळा आवळण्याचा भाग वगळला, आणि तेथे सर्सी जेमीच्या मिठीत, कोसळणाऱ्या दगडांखाली मरते. कादंबरीचा सहावा भाग अद्याप प्रसिद्ध झालेला नाही, त्यामुळे टिरियन, जेमी आणि तिसरा कोणी, हे तिन्ही अर्थ आजही तितक्याच ताकदीने मांडले जात आहेत.