राष्ट्र आधी की राज्य? : तुरिनमधील एक अध्यासन

मॅझिनी मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. १९०७ साली सावरकरांनी त्याला मराठीत आणले. पास्क्वाले स्तानिस्लाओ मान्चिनी (१८१७–१८८८) हे नाव मात्र आमच्या वर्गांत सहसा उच्चारले जात नाही. 'राष्ट्र' या शब्दाविषयी आपण जे वाद घालतो, त्यांतले बरेचसे त्याने कायद्याच्या परिभाषेत मांडले होते.

१८४८ च्या उठावानंतर नेपल्सच्या राजाने दडपशाही आरंभली, तेव्हा हा वकील परागंदा होऊन पिएमाँतमध्ये आला. इटली तेव्हा अनेक राज्यांत विभागलेली होती. लोंबार्दी आणि व्हेनिस तर ऑस्ट्रियाच्याच ताब्यात. १८५० साली तुरिन विद्यापीठात त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यासन निर्माण करण्यात आले. जो देश अजून नकाशावर नाही, त्याच्या वतीने देशादेशांमधील कायदा शिकवायचा, असा हा विलक्षण प्रकार! विद्याशाखा निव्वळ ज्ञानजिज्ञासेतून जन्मतात, ही आम्हा प्राध्यापकांची लाडकी समजूत येथे टिकत नाही.

२२ जानेवारी १८५१ रोजी त्याने अध्यासनाचे पहिले व्याख्यान दिले. प्रचलित शास्त्र राज्यांना, म्हणजे व्यवहारात राजघराण्यांना व त्यांच्या तहांना, प्रमाण मानी. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने इटलीचे तुकडे अशाच रीतीने कायदेशीर ठरवले होते. मान्चिनीने पायाच बदलला. या कायद्याचा मूळ घटक राज्य नव्हे, राष्ट्र. भूमी, वंश, भाषा, चालीरीती, इतिहास, कायदे, धर्म यांनी ते घडते, आणि त्यांत भाषेचे बंधन त्याला सर्वांत बळकट वाटे. तथापि हे सारे एकत्र आले, पण 'आपण एक आहोत' ही जाणीव नसली, तर ते निर्जीव द्रव्यच. आमच्या मते प्रतिपादनाचा हाच भाग सर्वाधिक मोलाचा. वंश आणि भूमीपाशी थांबणाऱ्या राष्ट्रवादापासून तो मान्चिनीला वेगळा काढतो.

१८६१ मध्ये इटलीचे राज्य घोषित झाले. परकीयाची वैयक्तिक बाबींतील कायदेशीर स्थिती त्याच्या राष्ट्राच्या कायद्याने ठरावी, हे तत्त्व १८६५ च्या नागरी संहितेत आले ते मान्चिनीच्याच प्रभावाने. १८७३ साली गेंट येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संस्थेचा पहिला अध्यक्षही तोच.

पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला (१८८१–१८८५). त्याच्याच कारकिर्दीत, १८८२ साली, इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्याशी मैत्रीचा करार केला. इटालियन भाषकांचे त्रेन्तो व त्रिएस्ते ऑस्ट्रियाकडेच राहिले. फेब्रुवारी १८८५ मध्ये इटालियन सैन्याने तांबड्या समुद्रावरील मसावा बंदर घेतले. भूमध्यसमुद्राच्या चाव्या तांबड्या समुद्रात सापडू शकतात, अशा आशयाचे समर्थन त्याने संसदेत केले. मसावाच्या रहिवाशांची जाणीव काय होती, हे मात्र कोणी त्यांना विचारले नाही.