सापांच्या अन्नग्रहणातील बदल

सापाने भक्ष्य नाकारणे, दोन वेळच्या भक्ष्यांमधील अंतर वाढणे, ठरावीक भक्ष्यच स्वीकारणे किंवा गिळलेले भक्ष्य बाहेर टाकणे या वर्तनांचा समावेश सापांच्या अन्नग्रहणातील बदलांत होतो. बंदिस्त सापांमध्ये हे बदल ठळकपणे लक्षात येतात. त्यांपैकी बहुतेक बदल आजारामुळे नव्हे, तर तापमान, ऋतू, कात टाकणे, प्रजनन किंवा ताण यांमुळे घडतात. म्हणूनच न खाणाऱ्या सापाला बळेच भरवणे बहुधा अपायकारक ठरते. भारतात देशी साप पाळणे बेकायदेशीर असल्याने हा विषय मुख्यतः सर्पोद्याने, प्राणिसंग्रहालये आणि वस्तीतून पकडलेले साप यांच्याशी संबंधित आहे.

शरीरक्रिया

साप बाह्य उष्णतेवर अवलंबून असणारे प्राणी आहेत. शरीराचे तापमान टिकवण्यासाठी त्यांना अन्नातील ऊर्जा खर्च करावी लागत नाही. त्यामुळे ते आठवडे, प्रसंगी महिनेही अन्नाविना राहू शकतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे सहा महिने उपाशी ठेवलेल्या सापांचा चयापचयाचा वेग ७२ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. याउलट भक्ष्य गिळल्यावर शरीराचे काम एकदम वाढते. ब्रह्मदेशी अजगराच्या हृदयाचे वस्तुमान जेवणानंतरच्या दोन-तीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

उपासाची नैसर्गिक कारणे

तापमान : थंडीत पचन मंदावते व साप खाणे टाळतो. भक्ष्य पोटात असताना तापमान फार उतरल्यास ते कुजू लागते आणि साप ते बाहेर टाकतो.

कात टाकणे : कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर-धुरकट होतात व दृष्टी अंधुक होते. या काळात बहुतेक साप खात नाहीत.

प्रजनन : विणीच्या हंगामात अनेक जातींचे नर खाणे सोडतात. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते व त्या काळात सहसा काही खात नाही.

ताण : हाताळणी, गोंगाट, लपण्यास जागा नसणे आणि नवी जागा यांमुळे साप भक्ष्य नाकारतो.

अयोग्य भक्ष्य : दिवड मासे व बेडूक खाते, धामण उंदीर, बेडूक व पक्षी खाते, मण्यार प्रामुख्याने इतर साप खातो, तर वाळा मुंग्या व वाळवीच्या अळ्यांवर जगतो. त्यामुळे दिवडीने उंदीर नाकारणे हे आजाराचे लक्षण नव्हे.

आजाराची लक्षणे

उपासाबरोबर झपाट्याने वजन घटणे, तोंडातून फेस किंवा चिकट स्राव येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, हिरड्यांना सूज येणे किंवा भक्ष्य वारंवार बाहेर टाकणे ही लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

ठाणे जिल्ह्यातील ही तीन शहरे उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या परिसरात वसली आहेत. बदलापूर व अंबरनाथच्या भोवती भातखाचरे, माळराने व डोंगरउतार असून त्यांना लागून गृहसंकुले उभी राहिली आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यावर साप कोरड्या जागेच्या शोधात येतात. कचऱ्यामुळे वाढलेले उंदीरही त्यांना वस्तीकडे आणतात. असा साप पकडल्यावर तो डब्यात किंवा पिशवीत काही खात नाही, हे स्वाभाविक आहे. त्याला अन्नापेक्षा शांतता, योग्य तापमान व लवकर मुक्तता यांची गरज असते. भरवून लगेच हलवलेला साप भक्ष्य बाहेर टाकण्याची शक्यता असते. साप आढळल्यास स्वतः न पकडता वनविभागाला (मदत क्रमांक १९२६) कळवणे योग्य ठरते.

दुधाविषयीचा समज

नागपंचमीला नागाला दूध पाजण्याची प्रथा आहे. मात्र दूध हे सापाचे अन्न नाही आणि त्याला ते नीट पचत नाही. प्रदर्शनापूर्वी गारुडी सापाला पाण्याविना ठेवतात. तहानलेला साप समोर येईल तो द्रव पितो. त्यामुळे साप दूध आवडीने पितो असा समज दृढ झाला. असे दूध श्वासनलिकेत गेल्यास साप दगावू शकतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित देशी साप पकडणे, बाळगणे व त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील परदेशी जाती, उदाहरणार्थ बॉल पायथन, बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. बॉल पायथनचे, विशेषतः नरांचे, विणीच्या हंगामात कित्येक महिने न खाणे हे सर्वज्ञात आहे. अशा वेळी वजनाची नियमित नोंद ठेवून प्रतीक्षा करणे हाच उपाय मानला जातो.