परदेशी पदवी घेऊन परतल्यावर

इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेत शिकून पुण्यात परतलेला विद्यार्थी बहुधा सर्वप्रथम नोकरीचे अर्ज भरू लागतो. हिंजवडीतील कंपनीला उमेदवाराचे कौशल्य पुरेसे वाटते आणि पदवीच्या मान्यतेचा प्रश्न तेथे सहसा निघत नाही. तो निघतो काही वर्षांनी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करताना किंवा शासकीय पदाची जाहिरात समोर आल्यावर. परदेशी पदवी भारतीय पदवीशी समकक्ष असल्याचे प्रमाणपत्र तेव्हा मागितले जाते. परतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ते मिळवून ठेवणे श्रेयस्कर.

हे काम अनेक वर्षे भारतीय विद्यापीठ संघाकडे होते. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतंत्र नियमावली अधिसूचित करून समकक्षता देण्याचे काम आपल्याकडे घेतले. अर्ज ऑनलाइन करावयाचा असून तो आयोगाच्या स्थायी समितीपुढे जातो. संस्थेला तिच्या देशात मान्यता आहे काय, प्रवेशाची अट व अभ्यासक्रमाचा कालावधी येथील अभ्यासक्रमाशी जुळतो काय, हे तपासले जाते. फ्रँचायझी पद्धतीने दिलेली पदवी मात्र ग्राह्य धरली जात नाही. गुणपत्रके, अभ्यासक्रमाचा तपशील आणि आवश्यक तेथे अपॉस्टिलचा शिक्का या गोष्टी तो देश सोडण्यापूर्वीच मिळवाव्यात. पुण्यात बसून परदेशी विद्यापीठाच्या कचेरीशी पत्रव्यवहार करणे जिकिरीचे ठरते.

इंग्लंडमधील एक वर्षाच्या मास्टर्स पदवीविषयी पालक अजूनही साशंक असतात. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या सामंजस्य करारात ही पदवी येथील पदव्युत्तर पदवीच्या तोडीची मानण्यात आली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, औषधनिर्माण व वास्तुरचना या व्यावसायिक पदव्या मात्र त्या कराराबाहेर आहेत.

वैद्यकीय पदवीधरांची वाट सर्वांत खडतर. परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवल्याशिवाय व्यवसायाची परवानगी नाही. त्यानंतर भारतातील आंतरवासिता आणि मगच महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे कायम नोंदणी. विधी शाखेच्या पदवीधरांनी भारतीय वकील परिषदेकडे, तर वास्तुविशारदांनी वास्तुकला परिषदेकडे चौकशी करावी. अध्यापनाकडे वळणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय क्रमवारीतील पहिल्या पाचशे विद्यापीठांपैकी एखाद्याची पीएच.डी. असल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी नेटची अट आड येत नाही.

मनाजोगे काम लगेच मिळाले नाही, तर उमेद खचू देण्याचे कारण नाही. इरावती कर्वे १९३० मध्ये बर्लिनहून मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतल्या, तेव्हा या विषयाला येथे फारशी जागाच नव्हती. त्यांनी १९३१ ते १९३६ या काळात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या आल्या १९३९ साली. ज्या संशोधनासाठी आज त्या ओळखल्या जातात, त्याचा मोठा भाग त्यानंतरचा.

आता पैशाचे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सार्वजनिक बँकांमध्ये साधारणतः अभ्यासक्रम संपल्यापासून एका वर्षाने सुरू होते, मग नोकरी लागो वा न लागो. हप्ते परवडणार नसतील तर थकबाकी होण्याआधीच शाखा व्यवस्थापकांना भेटावे. अनिवासी खाते उघडले असल्यास परतल्याचे बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. दोन-तीन वर्षे बाहेर राहिलेला विद्यार्थी प्राप्तिकराच्या दृष्टीने बहुधा लगेचच सामान्य निवासी ठरतो. त्यामुळे परदेशातील बँक खाते, शिल्लक अगदी किरकोळ असली तरी, विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. खाते वर्षाच्या मध्यात बंद केले तरी त्या कॅलेंडर वर्षाची नोंद सुटत नाही. आणि हे सारे ऑनलाइन करताना ओटीपी येतो तो आधारशी जोडलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर. तो बंद पडला असेल, तर विमानतळावरून घरी आल्यावर पहिली फेरी आधार केंद्राकडेच मारावी.