स्टिअरिंगखालचे सोळा पिनांचे सॉकेट

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या अंगाला हात घातला की बोटांना प्लास्टिकचे एक सॉकेट लागते. एक कड लांब, दुसरी आखूड, आत आठ-आठच्या दोन ओळी. सोळाव्या पिनेत बॅटरीचा थेट करंट, चौथी-पाचवी अर्थिंगची, आणि सहाव्या-चौदाव्या पिनेवरून हल्लीच्या गाड्यांतला माहितीचा प्रवाह वाहतो. गॅरेजवाला ‘स्कॅनर लावून बघू’ म्हणतो, तो स्कॅनर इथेच लागतो. मात्र हे सॉकेट मेकॅनिकच्या सोयीसाठी सक्तीचे झालेले नाही. ते आले लॉस एंजेलिसच्या हवेपायी.

जुलै 1943 मध्ये त्या शहरावर डोळे चुरचुरवणारा धूर उतरला. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर खापर फुटले, पण तो थांबवूनही धूर काही हटला नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी खरा गुन्हेगार दाखवून दिला: गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे वायू आणि त्यांवर पडणारे कडक ऊन. पुढे कॅलिफोर्नियाने ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

धूर कमी करायचा तर हवा आणि पेट्रोलचे प्रमाण काटेकोर राखायला हवे. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला ते झेपणारे नव्हते, म्हणून इंजिनावर कॉम्प्युटर बसला. जनरल मोटर्सने 1981 मध्ये आपल्या बहुतेक सगळ्या अमेरिकी गाड्यांत तो दिला आणि डॅशबोर्डखाली एक कनेक्टरही ठेवला. त्यातला दोष वाचायला यंत्र लागत नसे. कागदाला लावायची साधी तारेची क्लिप सरळ करून ‘ए’ आणि ‘बी’ या खाचांत अडकवायची, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवायची आणि ‘चेक इंजिन’च्या दिव्याकडे बघायचे. एक लुकलुक, थोडा विराम, मग दोन लुकलुक: कोड 12. म्हणजे यंत्रणा शाबूत. त्यानंतर येतील ते आकडे बिघाडाचे.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा आणि कोडही वेगळे. 1988 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःच दोष ओळखून दिवा लावणे बंधनकारक केले; हीच ‘ओबीडी’, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स. पण कोड एकसारखे व्हायला ओबीडी-2 यावे लागले. 1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत तेच 16 पिनांचे सॉकेट आले. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, मग गाडी फोर्ड असो वा टोयोटा.

कायद्याने मागितली होती फक्त प्रदूषणाशी संबंधित माहिती. कंपन्यांनी मात्र एअरबॅग, एबीएस, दिवे, दरवाजे या सगळ्यांचे मॉड्यूल तपासायला तीच वाट वापरली. इथून पुढचा इतिहास सरकारच्याही हातात राहिला नाही आणि कंपन्यांच्याही. पेनसिल्व्हेनियातल्या रॉस-टेक कंपनीचे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरून फोक्सवॅगन, ऑडीच्या मॉड्यूलशी जोडले जाई. कोडिंगमधला एखादा आकडा बदलला, की गाडी लॉक केल्यावरही हेडलाइट थोडा वेळ उजेड देत राहत. शोरूममध्ये ज्याचे नावही निघाले नव्हते ती सोय जागी होई. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या ईएलएम327 चिपमुळे स्कॅनर खिशात मावू लागला. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते, त्यामुळे स्वस्त नकलांनी बाजार भरून गेला.

सेटिंग बदलता येतात म्हटल्यावर लोक दिव्यांपाशी थोडेच थांबणार! पूर्वी इंजिनाची ताकद वाढवायला चिप उपटून दुसरी बसवावी लागे; आता त्याच सॉकेटमधून नवे सॉफ्टवेअर भरता येऊ लागले. डिझेल पिकअपमधली धूर शुद्ध करणारी यंत्रणाच काढून टाकायची आणि कॉम्प्युटरने तक्रार करू नये अशी व्यवस्था करायची, हा अमेरिकेत धंदा झाला. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये अंदाज दिला, की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक पिकअपांवर हा प्रयोग झाला होता. हवा सांभाळण्यासाठी सक्तीचे केलेले सॉकेटच हवा बिघडवायच्या कामी आले.

चोरांनीही वाट शोधली. ब्रिटनमध्ये 2012 च्या सुमारास काही महागड्या गाड्यांची काच फोडून, सॉकेटला यंत्र लावून कोरी किल्ली प्रोग्राम केली जाई आणि गाडी पळवली जाई. त्याआधीच, 2010 मध्ये, वॉशिंग्टन आणि सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी याच सॉकेटमधून गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले होते. मग काही कंपन्यांनी मध्ये सुरक्षा-गेटवे घातले. त्यामुळे चोराबरोबर गल्लीतला मेकॅनिकही बाहेर राहू लागला. गाडीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही मिळावी, या मागणीवर मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये प्रचंड बहुमताने शिक्का मारला होता, तो वाद पुन्हा पेटला.

भारतात ओबीडी आले प्रदूषणाच्या बीएस-4 निकषांबरोबर, एप्रिल 2010 मध्ये. सुरुवातीच्या 13 शहरांत मुंबई आणि पुण्याच्या जोडीला सोलापूरही होते. एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 लागू झाले. 2020 मध्ये बीएस-6 बरोबर दुचाकींचीही पाळी आली. अनेक बाइकच्या सीटखाली आता 6 पिनांचा लाल कनेक्टर सापडतो.

विजेच्या गाडीला मात्र धूरच नाही, त्यामुळे ओबीडी-2 ची सक्तीही नव्हती. काही मॉडेलांत ते सॉकेट नेहमीच्या रूपात दिसतच नाही. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये मंजूर केलेल्या नियमांत यावर उत्तर शोधले: 2026 च्या मॉडेलपासून विजेच्या गाड्यांनीही ठरावीक माहिती एकाच पद्धतीने द्यावी, बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे हे मालकाला दाखवावे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही खुली करावी.