पटाबाहेरच्या विद्यार्थिनी : मैलापूरचा एक वर्ग

मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे मंदिर, त्यापुढील तळे आणि जुन्या मद्रासमधील वकील-विद्वानांची वस्ती डोळ्यांपुढे येते. स्त्रियांच्या रोजगारशिक्षणाच्या इतिहासातही या वस्तीला मानाचे स्थान आहे. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कोणास ठाऊक नसते. वास्तविक ते तिला मिळवून देणाऱ्या दुर्गाबाई 1953 मध्ये चिंतामणराव देशमुखांशी विवाहबद्ध होऊन रायगड जिल्ह्यातील नाते गावच्या सूनबाई झाल्या.

दुर्गाबाईंचा जन्म 1909 चा, राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न झाले. जाणत्या वयात त्यांनी ते बंधन नाकारले आणि पतीला दुसऱ्या विवाहास मोकळीक दिली. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. तेथे त्यांना अशा स्त्रिया भेटल्या, की ज्यांना आपल्यावरील आरोपही धड समजलेला नव्हता. निरक्षरता माणसाला कुठवर नेते, याचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणारा नव्हता. सुटकेनंतर त्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिक दिली आणि पुढे 1942 मध्ये मद्रास विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

या शिक्षणाच्या धामधुमीतच, 1937 मध्ये, आंध्र महिला सभा उभी राहिली. मैलापुरात मुलींना जमवून शिकविण्याच्या छोट्याशा उपक्रमाचा तो विस्तार होता. संस्थेत शिवण-विणकामासारखे उद्योग होते. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य मॅट्रिकच्या वर्गात होते. विधवा, परित्यक्ता, लवकर लग्न झाल्याने शाळा सुटलेल्या अशा स्त्रियांना परिचारिका किंवा शिक्षिका व्हावयाचे, तर प्रशिक्षणाच्या दारावरच शालेय प्रमाणपत्राचा पहारा असे. पंचविशीतल्या बाईने लहान मुलींच्या बाकावर बसून सात-आठ वर्षे काढणे शक्य नव्हते. बनारसच्या परीक्षेस मुलींना खासगीरीत्या बसता येई. दुर्गाबाई स्वतः त्याच वाटेने गेल्या होत्या. तीच वाट त्यांनी इतरांसाठी रुळविली.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने 1909 पासून हीच गरज ओळखली होती. प्रौढ स्त्रियांचे वर्ग आणि ससून रुग्णालयातील परिचारिकांचे शिक्षण यांची सांगड तेथे घातली गेली. मद्रासमध्येही 1928 मध्ये सेवासदन नावाची संस्था निघाली. शिवणाच्या वर्गाने घरखर्चास हातभार लागतो, प्रमाणपत्राने पगाराची नोकरी मिळते. हा भेद या मंडळींना नेमका कळला होता. शिवणयंत्रांच्या वाटपावर समाधान मानणाऱ्या पुढच्या कित्येक योजनांना तो कळला नाही.

1953 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी 4 कोटी रुपयांची तरतूद होती. शहरांतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी मंडळाने काडेपेट्यांच्या सहकारी उद्योगांसारखे प्रयोग केले. गावोगावी ग्रामसेविका, दाया, शिक्षिका हव्या होत्या. पदे होती, पण पात्र स्त्रिया नव्हत्या. तेव्हा मैलापूरचा अनुभव देशाच्या कामी आला. 1958 मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू झाला आणि राहून गेलेले शालेय शिक्षण सुमारे दोन वर्षांत पुरे करून घेण्याची सोय झाली.

ही दोन वर्षे सोपी नव्हती. चूल, मूल आणि मजुरी सांभाळून बीजगणित शिकणे म्हणजे काय, हे शाळेच्या वेळापत्रकात मावत नाही. म्हणूनच वर्गाइतकेच वसतिगृहालाही महत्त्व होते, किंबहुना काकणभर अधिकच. राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर सर्वांत गरजू बाई वर्गापर्यंत पोहोचतच नाही. शाळेच्या पटावरून नाव कमी झालेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे शाळा सहसा विचारीत नाही. मैलापूरच्या त्या वर्गाने प्रवेश दिला, तो नेमका तिलाच.