दैव आणि प्रयत्न (मराठी लोकमानसात)

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत. त्यासाठी पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवतात; जणू लिखाणाचे साहित्य घरच्यांनीच पुरवायचे. उलट संत रामदासांनी यत्नाला थेट देवपण दिले.

दैव आणि प्रयत्नाच्या या वादात मुंबईच्या मानखुर्दमध्ये मात्र कपाळापेक्षा पत्त्याचा लेख अधिक ठळक वाचता येतो. हा भाग ज्यात येतो तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तळाशी होता. तेथील लल्लूभाई कंपाउंडमध्ये रेल्वेरुळांलगतच्या झोपड्यांतून हलवलेली कुटुंबे राहतात. हे स्थलांतर सटवाईने नव्हे, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पुनर्वसन योजनेने ठरवले.