मध्यरात्रीची घंटा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. तेथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळी बांधलेले विटांचे एक भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. कावेरीच्या या खोऱ्यात एरवी धान्याला तोटा नसे. परंतु ते परमुलखातून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पानात कसे पडावे, हा प्रश्न होताच. तंजावरच्या भोसले राजांनी त्याला जे उत्तर दिले, ते म्हणजे त्यांची छत्रे.

रामेश्वराच्या वाटेवर उभारलेल्या या छत्रांपैकी अनेकांना राजपरिवारातील स्त्रियांची नावे आहेत. निडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे, तर ओरत्तनाडूचे १८०२ मधील छत्र मुक्तांबेच्या नावाचे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेल्यावर छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, म्हणून सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. छत्रांच्या व्यवस्थेचे त्यातील वर्णन मुळातून वाचण्याजोगे आहे.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला तेथे अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असे पुकारले जाई. आजाऱ्याला वैद्य व औषध मिळे. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीचा सर्व खर्च छत्र सोशी आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे. परक्यांची पोरकी मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, वस्त्र, औषध आणि त्यांच्या आवडीची विद्या मिळे. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी.

या आस्थेला अनुभवाची जोड होती. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने हे खोरे उजाड केले होते. खुद्द सरफोजी दत्तक आलेले. चुलत्याच्या हाती राज्य गेल्यावर १७९३ मध्ये त्यांना मद्रासेस हलवावे लागले. परक्या गावी दुसऱ्याच्या आधाराने शिकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

मात्र एक उणीव नजरेआड करता येत नाही. या व्यवस्थेत मुलाला विद्या मिळाली. स्त्रीला विसावा मिळाला, पण स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन मिळाले नाही. तीन महिने संपल्यावर ती बाळाला घेऊन कोठे गेली असेल? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला शतकानंतर सापडू लागले. १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी निराधार स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याची वाट दाखविली.

आज पापनाशमच्या परिसरातील चित्र पालटले आहे. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या लावणीसाठी अलीकडे बंगालमधून मजूर येऊ लागले आहेत, तर येथल्या तरुण मुली तिरुप्पूर-कोइमतूरच्या गिरण्यांत कामाला जातात. १९६१ च्या कायद्याने प्रसूतीसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, म्हणजे जवळजवळ छत्रातले ते तीन महिनेच. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. पण ही रजा कारखान्यात वा कचेरीत नोंदलेल्या स्त्रीची. परगावच्या शेतात रोजावर राबणारीपर्यंत ती पोचत नाही.

कचेरीत बसून नियम लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला म्हणूनच त्या घंटेचे मोल अधिक वाटते. उपाशी माणसाने आपण उपाशी असल्याचा दाखला आणावा, असे छत्राने कधी म्हटले नाही. कोण राहून गेले, याचा शोध घेण्याचे काम त्याने स्वतःकडे ठेवले. परमुलखातून आलेल्या बाईला आणि पोराला काम, मजुरी व शिक्षण देऊ पाहणाऱ्या प्रत्येक योजनेने एवढा एक नियम तंजावरकडून उसना घेतला, तरी पुष्कळ होईल.